भिंतीआडचा नळ आणि समाईक जबाबदारी

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना तालुक्यातले गडचांदूर हे सिमेंटचे गाव. माणिकगडच्या परिसरातील चुनखडीच्या थरांनी १९८० च्या दशकात येथे कारखानदारी ओढून आणली. आवारपूर व गडचांदूर येथे आणि पुढे उपरवाहीला भट्ट्या पेटल्या. कामगारांच्या वसाहती झाल्या, त्यांच्याभोवती बाजार वाढला आणि शेतांच्या जागी घरे व सदनिका आल्या. त्या पहिल्या पिढीची बांधकामे आता चाळिशीला पोचली आहेत. कारखान्यातील भट्टी ठरलेल्या काळाने थांबवून तिचे अस्तर नवे करतात. तिची दुरुस्ती कोणाच्या मर्जीवर सोडलेली नसते. ती भट्टी ज्यांनी चालवली, त्यांच्या न्हाणीघरातील नळाची आठवण मात्र खालच्या घराच्या छतातून पाणी टपकू लागले म्हणजेच होते.

जुन्या इमारतींत पाण्याचे नळ बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे आणि सांडपाण्याचे नळ बिडाचे असत. जस्त झिजले की लोखंड आतून गंजू लागते. चुनखडीच्या भूमीतील विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते. त्यातील क्षारांचे थर नळाच्या आतल्या बाजूस बसत जातात. नळाचा मोकळा व्यास निम्मा झाला म्हणून पाणी निम्म्यावर थांबते असे नाही. ते पाचव्या-सहाव्या हिश्श्यापर्यंत घसरते. वरच्या मजल्यावरील गृहिणी पहाटे उठून बादल्या भरून ठेवते आणि पाणीपुरवठ्याला दोष देते. पाण्याची टंचाई खरी असतेच, पण तिच्यात भिंतीआडच्या टंचाईची भर पडलेली असते. गळतीचे पाणी स्लॅबमध्ये मुरले की सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते, काँक्रीटला तडे जातात आणि पोपडे सुटू लागतात. न्हाणीघरातील ओल हा अशा रीतीने इमारतीच्या आयुष्याचा प्रश्न होतो.

यावर घरोघर होणारा उपाय ठरलेला आहे. निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती येते, मुलीचे लग्न तोंडावर असते, आणि न्हाणीघर नवे करायचे ठरते. चकचकीत टाइल्स बसतात, नवे बेसिन व नव्या तोट्या येतात. पण चारही मजल्यांतून खाली उतरणारा मुख्य नळ तोच जुना राहतो, कारण तो एकट्याचा नाही आणि जो एकट्याचा नाही तो कोणाचाच नाही, अशी आपली समजूत आहे. दोन-तीन वर्षांत तो नळ फुटतो आणि नवी फरशी फोडावी लागते. वरचा म्हणतो, माझे काम नुकतेच झाले आहे. खालचा म्हणतो, पाणी तुमच्याकडून येते. ज्या दोघांनी एका पाळीत, एका खात्यात वीस-वीस वर्षे काम केले, त्यांचे बोलणे बंद होते.

अर्थशास्त्रात या गोष्टीला घसारा हे साधे नाव आहे. वापरात असलेली प्रत्येक वस्तू रोज थोडी झिजते, आणि त्या झिजेची तरतूद दरवर्षीच्या उत्पन्नातून करावी लागते. कारखान्याचा ताळेबंद ही तरतूद करतो आणि करआकारणीत तिची वजावटही मिळते. घर भाड्याने देणाऱ्या मालकाला प्राप्तिकरात भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. त्याने वर्षभरात एक खिळाही ठोकला नाही तरी मिळते. स्वतःच्या घरात राहून पदरच्या पैशाने नळ बदलणाऱ्याला त्या खर्चाची अशी वजावट नाही. सिमेंटवर तर २०१७ पासून सप्टेंबर २०२५ पर्यंत २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. तो आता १८ टक्क्यांवर आला आहे. म्हणजे आठ वर्षे सिमेंट करणाऱ्या गावातील माणसाला स्वतःच्या मोरीचा कोबा करताना चैनीच्या वस्तूंच्या दराने कर भरावा लागला.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी घसाऱ्याचे तत्त्व मान्य केले आहे. बांधकामखर्चाच्या किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती निधीसाठी आणि पाव टक्का सिंकिंग फंडासाठी काढावी, असे ते सांगतात. परंतु हा खर्च मूळ बांधकामाचा धरतात. १९८५ साली एक लाखात उभ्या राहिलेल्या सदनिकेमागे त्या हिशेबाने वर्षाला १००० रुपये जमतात. चाळीस वर्षांत व्याजावाचून ४० हजार झाले. आजच्या मजुरीत व मालाच्या भावात त्या रकमेत एक न्हाणीघरही धड होत नाही. किमान म्हणजे पुरेसे नव्हे. सर्वसाधारण सभेला दर वाढवण्याचा अधिकार आहे. तो वापरला जात नाही, कारण वर्गणी वाढवणारा कार्यकारी सदस्य पुढच्या निवडणुकीत पडतो.

त्याही आधीची अडचण अशी की, लहान गावांतील कितीतरी इमारतींत संस्थाच नोंदलेली नसते. सदनिका विकणाऱ्या प्रवर्तकाने संस्था स्थापन करून जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यावी, हे बंधन १९६३ च्या कायद्याने घातले. ते टाळणाऱ्यांसाठी २००८ साली मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली, यावरून त्या बंधनाचे काय झाले ते कळते. संस्था नाही म्हणून निधी नाही, आणि निधी नाही म्हणून समाईक नळाला वाली नाही.

दुरुस्ती ही सार्वजनिक जबाबदारी आहे, हे महाराष्ट्राने एकदा मान्य केले होते. मुंबई शहरातील जुन्या चाळी कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. उपकर घेऊन त्या इमारतींची दुरुस्ती करण्याचे काम त्याच्याकडे सोपवले गेले. त्या मंडळाच्या कारभारातील उणिवा पुष्कळ आहेत, पण तत्त्व योग्य होते. त्याची हद्द मात्र मुंबईच्या जुन्या शहरापुरती राहिली. औद्योगिक गावांतील घरे जुनी होतील, हे कोणी ध्यानात घेतले नाही. निवृत्तिवेतन योजनेतील किमान पेन्शन २०१४ साली महिना १००० रुपये ठरली. त्या रकमेवर जगणाऱ्याने आपल्या वाट्याचा नळ स्वतःच बदलावा असे म्हणणे, म्हणजे तो बदलू नये असेच म्हणणे होय.

या कामात आणखी एक माणूस असतो आणि तो हिशेबात येत नाही. कोंडलेल्या न्हाणीघरात फरशी फोडणारा, टाइल्स कापणारा मजूर सिलिकाची धूळ छातीत घेत असतो. बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याने दुरुस्तीचे काम बांधकामात धरले, पण दहा लाखांपर्यंतचे घरगुती काम वगळले. म्हणजे बहुतेक सगळी न्हाणीघरे वगळली. वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराला राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे नोंदणीचा मार्ग आहे. ज्यांच्या घरी तो काम करतो, ते कामगार स्वतः संघटित आहेत. त्यांनी त्याच्या दिवसांचा दाखला द्यावा, तोंडाला मुखवटा द्यावा आणि फरशी ओली ठेवून कापून घ्यावी. यासाठी कोणत्याही सरकारी आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

गोरेगावच्या वस्त्यांनी मृणालताई गोरे यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले, ते त्यांनी लोकांच्या नळाला पाणी यावे म्हणून लढा दिला म्हणून. त्या परंपरेचा वारसा सांगणाऱ्या कार्यकर्त्याला न्हाणीघराचा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचे कारण नाही. त्याने प्रथम आपल्या गावातील कोणत्या इमारतींत संस्था नाही याची यादी करावी आणि नोंदणीचे अर्ज भरून घ्यावेत. तीस वर्षांवरील इमारतीची संरचनात्मक तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी, असे उपविधीच सांगतात. ती करून घ्यावी. उभा नळ समाईक खर्चाने, सर्व मजल्यांवर एकाच वेळी बदलावा. ज्याला एकरकमी झेपत नाही त्याला संस्थेने हप्ते द्यावेत. टाइल्स बसण्यापूर्वी नव्या नळांची दाबचाचणी आणि कोब्यावर पाणी तुंबवून गळतीची चाचणी घ्यावी. आपल्या घरातील फरशी कोणती असावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. तिच्या मागच्या नळाचा निर्णय मात्र चारही मजल्यांनी एकत्र बसून, पुढचा पावसाळा येण्यापूर्वी घ्यायला हवा.