सध्या काय वाचता?



‘सध्या काय वाचता?’ हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. पाहुणा आला की चहाबरोबर हा प्रश्न येतो, आणि ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे तेथे पाहुण्याला हाताला धरून कपाटापर्यंत नेले जाते. आपल्या बापजाद्यांना अक्षर शिवू दिले गेले नाही आणि बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, या दोन गोष्टी ज्यांना ठाऊक आहेत त्यांना पुस्तकाचे मोल आम्ही काय सांगावे? परंतु हाच प्रश्न विचारला असता ज्यांची जीभ अडखळते, पुस्तकाचे नाव सांगितले तर आपले गुपितच फुटेल अशी ज्यांना धास्ती वाटते, अशी माणसे याच मीरा-भाईंदरमध्ये, आपल्याच घरांत राहतात. आज त्यांच्या वाचनाविषयी लिहायचे आहे.

आमच्या ओळखीचे दहा-बारा तरुण-तरुणी महिन्यातून एका रविवारी मीरा रोड पूर्वेला एकीच्या घरी जमतात. कोणी समलिंगी, कोणी उभयलिंगी, दोघी तृतीयपंथी. ही मंडळी स्वतःला ‘क्वीअर’ म्हणवतात. इंग्रजीत ही मूळची शिवी. ज्यांना ती घातली गेली त्यांनीच ती नाव म्हणून स्वीकारली. पँथरच्या पिढीने ‘दलित’ हा शब्द मान ताठ करून उच्चारला, तसेच काहीसे हे. त्यांच्यातील एकाला आम्ही तो चड्डीत फिरत होता तेव्हापासून ओळखतो, म्हणून आम्हांला आमंत्रण होते. नियम एकच. सध्या जे पुस्तक हातात आहे त्याचे नाव सांगायचे आणि दोन शब्द बोलायचे. पुस्तक संपलेले असलेच पाहिजे असे नाही. एक मुलगा तर एमपीएससीचे गाईड घेऊन आला होता. तेही चालते, कोणी हसत नाही.

त्या दिवशी जी नावे निघाली ती आम्ही टिपून घेतली. लक्ष्मी नारायण त्रिपाठी या ठाण्याच्या, म्हणजे आपल्या शेजारच्याच. त्यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे वैशाली रोडे यांनी शब्दांकन केलेले आत्मकथन २०१२ साली आले. सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही २००६ ची कादंबरी. घरात भाड्याने राहायला आलेल्या एकाच तरुणावर भाऊ आणि बहीण या दोघांचाही जीव जडतो, अशी तिची कथा. जेरी पिंटो यांनी ती इंग्रजीत नेली आणि २०२२ साली तिच्यावर चित्रपटही आला. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे १९८१ चे नाटक एका मुलीने वाचायला घेतले होते. त्यात मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांनी केली होती, हे आम्ही सांगितले तेव्हा तिला खरे वाटेना.

मराठीतली यादी याहून फार लांबत नाही, आणि दुखणे नेमके तेथेच आहे. या विषयावरचे बहुतेक लेखन इंग्रजीत आहे. मुंबईत अशी मंडळी जमतात तेथे चर्चा इंग्रजीत चालते, आणि भाईंदरच्या पालिका शाळेत शिकलेले पोर कोपऱ्यात गप्प बसून राहते. आमच्या ओळखीचा तो मुलगा म्हणाला, “काका, तिकडे मला जात सांगायची भीती वाटते आणि इकडे वस्तीत हे सांगायची.” मीरा रोडच्या या बैठकीत तो मराठीत बोलतो. म्हणून तो दर महिन्याला येतो.

त्याच्या हातात आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही २००३ ची इंग्रजी कादंबरी होती, डिक्शनरी शेजारी घेऊन वाचत होता. चर्चगेट स्टेशनवर एका पत्रकाराची आणि मिलिंद नावाच्या दलित तरुणाची गाठ पडते, तेथून ती सुरू होते. मिलिंद हे नाव आपल्याकडे घरोघर आहे. छापील पुस्तकात आपल्यातला, आणि त्यातही आपल्यासारखा, माणूस प्रथमच भेटला असे तो म्हणाला. मात्र लगेच त्याने तक्रारही केली की, ही गोष्ट त्या पत्रकाराच्या डोळ्यांनी दिसते, मिलिंदच्या डोळ्यांनी ती कोण लिहिणार? यावर दिशा पिंकी शेख यांचे नाव दोघींनी एकदम घेतले. तृतीयपंथी कवयित्री, ‘कुरूप’ हा त्यांचा कवितासंग्रह. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने त्यांना प्रवक्तेपद दिले होते. तो संग्रह त्याच दिवशी एका पिशवीतून दुसऱ्या पिशवीत गेला.

पुस्तक असे हातोहात जाणे यांना नवीन नाही. अशोक राव कवी यांनी १९९० साली ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढले. तेव्हा ३७७ कलम डोक्यावर होते. ते गेले ६ सप्टेंबर २०१८ रोजी, आणि त्या निकालपत्रात बाबासाहेबांच्या संविधानिक नीतिमत्तेच्या विचाराचा आधार घेतलेला आहे. मधल्या काळात एकच अंक कितीजणांनी वाचला याचा हिशेब कोणी ठेवला नसेल. ठेवणे परवडणारेही नव्हते.

त्याहूनही मागे जाऊ. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, जे घरात विचारता येत नाही ते लोक कर्व्यांना पत्राने विचारीत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच ते अश्लील ठरत नाही, आणि वाचक शंका विचारीत असतील तर त्यांना ज्ञान मिळालेच पाहिजे, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. समलिंगी संबंधांच्या प्रश्नावर त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा हवाला दिला. खटला हरला, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. महाडचा सत्याग्रह आपल्या पोरांना तोंडपाठ आहे, तो असायलाच हवा. हा खटला मात्र जयंतीच्या भाषणात आम्ही फारसा ऐकलेला नाही.

हे सर्व आता सांगण्याचे कारण असे. या मुलांची पुस्तके घरी राहत नाहीत. एका खोलीत पाच माणसे, कपाट एक, त्यातही आईच्या साड्या. एकाने पुस्तकाला बँकेच्या परीक्षेच्या गाईडचे कव्हर चढवले आहे, एकीची पुस्तके मैत्रिणीच्या घरी असतात. म्हणून त्यांनी विचारले की, आपल्या विहारातील वाचनालयात एक कप्पा मिळेल का? आम्ही ही गोष्ट समितीपुढे ठेवली. (वाचनालयाचे नाव येथे देत नाही.) एका ज्येष्ठ सभासदांनी “मुले बिघडतील” म्हटले, दुसऱ्यांनी “आधीच आपल्याला लोक काय काय बोलतात, त्यात हे आणखी कशाला?” असे विचारले. दुसरा प्रश्न आम्हांला अधिक प्रामाणिक वाटला. त्याला उत्तर महिला मंडळाच्या एका आजींनी दिले. सातवी शिकलेल्या बाई त्या. म्हणाल्या, “पुस्तक वाचून पोरगं बिघडत असतं, तर साहेबांनी आपल्याला शिका कशाला म्हटलं?” पुस्तके ठेवायचे ठरले.

खरी अडचण पुढे आली ती नोंदवहीची. आम्ही हाडाचे कारकून, आवक-जावक नोंदीशिवाय आमचे पान हलत नाही. पण वाचनालयाच्या वहीत तारीख, पुस्तकाचे नाव आणि नेणाऱ्याचे नाव एका ओळीत येते, आणि ती वही टेबलावर उघडी पडलेली असते. तेथे येणारा प्रत्येकजण शेजाऱ्याच्या मुलाने काय नेले ते वाचू शकतो. कप्पा दिला आणि वही तशीच ठेवली तर त्या कप्प्याला कोणी हात लावणार नाही. मग आम्ही सुचवले की, वहीत फक्त सभासद क्रमांक लिहावा आणि क्रमांकांची यादी ग्रंथपालाच्या कुलपात राहावी. हा नियम सगळ्याच पुस्तकांना लावला. वेगळ्या कप्प्याचाही आग्रह सोडला. लक्ष्मींचे आत्मकथन आता आत्मचरित्रांच्या रांगेत उभे आहे. वेगळा कप्पा म्हणजे पुन्हा वेगळा पाणवठाच की.

गेल्या दोन महिन्यांत ते चार वेळा बाहेर गेले. कोणी नेले ते आम्ही पाहिलेले नाही.

वाचकांपैकी कोणाकडे ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक, कव्हर फाटलेले किंवा वाळवीने खाल्लेले का असेनात, पडून असतील तर रद्दीत घालू नयेत, या साप्ताहिकाच्या पत्त्यावर आमच्या नावे कळवावे. झेरॉक्सचा खर्च आम्ही करू आणि मूळ अंक परत पाठवू.