दिल्लीचे आदेश, मुखेडची म्हैस आणि आपल्या दारातलं कुत्रं

ऑगस्ट २०२५ मध्ये रेबीजच्या दोन बातम्या एकाच वेळी येत होत्या. एक नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातली. कुत्रा चावलेली म्हैस रेबीजने मेली. तिचे दूध गावातल्या जेवणात वापरले गेले होते हे कळल्यावर घबराट झाली आणि सुमारे १८० जणांनी लस घेतली. दुसरी बातमी दिल्लीची. तिथल्या भटक्या कुत्र्यांना उचलून निवाऱ्यात ठेवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिला.

टीव्हीवर दोन आठवडे भांडण चालले ते दिल्लीवर. मुखेडची म्हैस दोन दिवसांत विसरली गेली. पण धाराशिव जिल्ह्यात, लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावात ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे, दारात कुत्रं आहे आणि चुलीपाशी मांजर झोपते, त्यांच्या घरासाठी अधिक जवळची बातमी मुखेडचीच होती.

न्यायालय नेमके काय म्हणाले?

पहिला आदेश फार टिकला नाही. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो बदलला. कुत्र्यांचे निर्बीजीकरण करा, त्यांना जंताचे औषध आणि लस द्या, मग जिथून उचलले तिथेच सोडा. पिसाळलेले, पिसाळल्याचा संशय असलेले किंवा आक्रमक कुत्रे मात्र सोडू नका. प्रकरणाची व्याप्तीही सगळ्या राज्यांपर्यंत नेली. पुढे ७ नोव्हेंबरला आणखी एक आदेश आला. शाळा, रुग्णालये, क्रीडा संकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके इथली कुत्री हलवावीत आणि पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. याच आदेशातल्या एका ओळीची फारशी चर्चा झाली नाही, पण रुग्णांसाठी तीच सर्वांत मोलाची आहे. सरकारी आणि खासगी रुग्णालयांनी रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन यांचा साठा कायम ठेवला पाहिजे. ‘सीरम आमच्याकडे नाही, दुसरीकडे जा’ असे उत्तर मिळाले, तर ही ओळ तुम्हाला माहीत असायला हवी.

या सगळ्या वादात कुत्र्यांचे दोनच प्रकार धरलेले आहेत, पाळीव आणि भटके. आपल्या खेड्यातले कुत्रे यांपैकी कशातच नीट बसत नाही. ते एका घरी भाकरतुकडा खाते, दुसऱ्याच्या गोठ्यावर झोपते, तिसऱ्याच्या शेतावर राखण करते. गळ्यात पट्टा नाही, नाव मात्र असते आणि मुले त्याच नावाने हाक मारतात. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याची लस आणि जंताचे औषध ही मालकाची जबाबदारी आहे, रस्त्यावरच्या प्राण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची. गावातले कुत्रे या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. लस कोणीच देत नाही. माझ्या मते इथे कायद्याचा शब्दार्थ शोधत बसण्यात अर्थ नाही. ज्या घरातून रोज भाकरी मिळते, त्या घराने लसीपुरते तरी ते कुत्रे आपले मानावे. कारण ते चावले, बोचकारले किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती याच घरातल्या कोणाला तरी लागणार आहे.

आकडे काय सांगतात

२०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या सुमारे ३७ लाख घटना नोंदल्या गेल्या. त्यात महाराष्ट्राचा आकडा सुमारे ४ लाख ८५ हजार होता. सरकारी नोंदीनुसार त्या वर्षी रेबीजचे संशयित मृत्यू ५४. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीचा अंदाज मात्र वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेचे अंदाज याहूनही मोठे आहेत.

५४ आणि ५,७०० यांत एवढा फरक कसा? या रोगावर उपचार नाही, म्हणून रुग्णालयातून रुग्णाला घरी नेले जाते. मृत्यू घरी होतो आणि तपासणीसाठी नमुना जात नाही. अनेकदा कुटुंबाला दोन-तीन महिन्यांपूर्वीचा चावा आठवतही नाही, विशेषतः ते लहान पिल्लू असेल तर. जून २०२५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहरचा एक तरुण कबड्डीपटू असाच गेला. नाल्यात पडलेले पिल्लू बाहेर काढताना त्याच्या बोटाला ते चावले होते. जखम किरकोळ म्हणून त्याने लस घेतली नाही.

शेजारचा गोवा

रेबीज आटोक्यात येतो का, याचे उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. गोव्यात २०१३ पासून ‘मिशन रेबीज’ आणि राज्य सरकारने मिळून कुत्र्यांना लस देण्याची मोहीम चालवली. पथके वाडीवाडीत गेली आणि कुठले कुत्रे टोचले, कुठले राहिले याची नोंद मोबाईलवर ठेवली. वर्षाला ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस देऊन सुमारे ७० टक्क्यांपर्यंत प्रमाण नेले. दरवर्षी सुमारे दीड लाख शाळकरी मुलांपर्यंत माहिती पोचवली. २०१९ पर्यंत कुत्र्यांमधला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांमधले मृत्यू थांबले.

यातला ७० हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गावात दोनशे कुत्री असतील तर एकशेचाळीसांना लस मिळाली पाहिजे, तेही दरवर्षी, कारण कुत्र्यांची पिढी लवकर बदलते आणि नवी पिल्ले लसीविना येतात. एखादे वर्ष मोहीम झाली, फोटो निघाले आणि पुढची दोन वर्षे काहीच नाही, तर फार उपयोग होत नाही. कुत्री मारून किंवा दूर सोडून हा रोग जात नाही. रिकाम्या जागेत शेजारच्या शिवारातली, लस नसलेली कुत्री येतात. लोकांना हे पटवणे अवघड जाते, पण गोव्याने कुत्री हाकलली नव्हती, टोचली होती.

आपल्या घरातले प्राणी

कुत्र्याच्या पिल्लाला रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर देतात. पशुवैद्यक सांगतील तसा बूस्टर आणि मग दरवर्षी एक मात्रा. मांजरालाही हेच लागू आहे, पण खेड्यात मांजराला लस देणारे घर क्वचितच. मांजर रात्री बाहेर फिरते, कुत्र्यांशी भांडते आणि सकाळी मुलांच्या अंथरुणात येते. कुत्र्याला लस दिली आणि मांजराला नाही, तर काम अर्धेच झाले.

पिल्लू घरी आणल्यापासून लस होईपर्यंतचा काळ सर्वांत नाजूक असतो. पिल्लू गोजिरवाणे दिसते, मुले त्याचे पापे घेतात आणि बारीक दात लागले तर कोणी घरी सांगतही नाही. त्याच्या आईला लस झाली होती का, हे आणतानाच विचारा. मुलांना रागावू नका, नाहीतर पुढचा ओरखडा ती लपवतील. लसीचे कार्ड रेशनकार्डाशेजारी ठेवा. जंताचे औषध आणि गोचीड-पिसवांवरचा उपायही त्याच भेटीत विचारून घ्या. माणसांच्या तापावरच्या किंवा दुखण्यावरच्या गोळ्या कुत्र्या-मांजरांना मनाने देऊ नका. पॅरासिटामोलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते.

आता म्हैस. जनावराला कुत्रा चावल्याचे दिसले किंवा नुसता संशय आला तरी जखम साबणाने धुऊन (हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी घालून) त्याच दिवशी गुरांच्या डॉक्टरांना कळवा. राज्यातल्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. चाव्यानंतर जनावरालाही ठरावीक दिवसांच्या अंतराने लसीच्या अनेक मात्रा देतात. एका इंजेक्शनवर थांबू नये.

पिसाळलेल्या म्हशीची किंवा गाईची लक्षणे शेतकऱ्याला हमखास फसवतात. तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलतो, चारा-पाणी सुटते. घशात काहीतरी अडकले असे वाटते आणि घरातला कोणीतरी जनावराच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालतो. रेबीजच्या लाळेत हात घालण्याचा याहून मोठा धोका नाही, कारण शेतात काम करणाऱ्याच्या हाताला बारीक चिरा असतातच. जनावर असे वागू लागले तर तोंडात हात घालू नका. औषधही नळीने पाजू नका. आधी डॉक्टरांना बोलवा.

दुधाचे काय?

मुखेडच्या बातमीनंतर अनेक गावांत हाच प्रश्न विचारला गेला. उकळल्यावर रेबीजचा विषाणू मरतो. उकळलेले दूध, त्याचा चहा, त्याचे दही यातून रेबीज होत नाही. कच्चे दूध पिऊन माणसाला रेबीज झाल्याचा पुरावाही नाही, तरी पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावराचे दूध काढूच नये, कारण काढणाऱ्याचा लाळेशी संबंध येतो. म्हणजे लसीची खरी गरज असते ती त्या जनावराला औषध पाजणाऱ्यांना, त्याची लाळ हाताला लागलेल्यांना. ताक प्यायलेल्या पंगतीला नाही. घाबरलेल्या पंगतीला लस देण्यात माणसांचे नुकसान होत नाही, पण छोट्या दवाखान्यातला साठा संपतो आणि दुसऱ्या दिवशी खरोखर चावा बसलेले मूल आले तर त्याला बाहेर पाठवावे लागते. कच्चे दूध प्यायले असेल, तर डॉक्टरांना तसे सांगा आणि त्यांना ठरवू द्या.

चावा बसल्यावर

नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटे धुवा. तिखट, चुना, हळद, तेल, रॉकेल काहीही लावू नका. जखम घट्ट बांधू नका आणि शक्यतो टाके घालू नका. मग लगेच दवाखाना. सास्तूरला स्पर्श ग्रामीण रुग्णालय आहे. चावा गंभीर असेल आणि जवळ सीरम नसेल, तर लसीची पहिली मात्रा घेऊनच पुढे लातूर किंवा धाराशिवच्या शासकीय रुग्णालयाकडे निघा. सीरम शोधण्यात लस लांबवू नका.

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजून आजी-आजोबांच्या बोलण्यात असते. ती जुनी लस भारतात २००५ च्या आधीच बंद झाली. आता दंडाच्या कातडीत ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी किंवा स्नायूत ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी लस देतात. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती देता येते.

लस शरीराला प्रतिपिंडे तयार करायला लावते, पण त्याला आठवडा-दोन आठवडे जातात. रक्त आले असेल, खोल चावा असेल, लाळ उघड्या जखमेला किंवा डोळ्यात-तोंडात गेली असेल, तर या मधल्या काळासाठी तयार प्रतिपिंडे, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, थेट जखमेत आणि तिच्या भोवती टोचावी लागतात. यालाच दवाखान्यात सीरम म्हणतात. पहिल्या दिवशी राहिले तर लसीच्या पहिल्या मात्रेपासून सातव्या दिवसापर्यंत देता येते. विषाणू जखमेतून मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. म्हणून चेहरा, डोके, मान आणि बोटे इथले चावे जास्त घातक. एप्रिल २०२५ मध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात डोक्याला चावे बसलेली एक लहान मुलगी लस देऊनही वाचली नाही, आणि ‘लस निकामी आहे’ अशी चर्चा सुरू झाली. डोक्यावरच्या खोल जखमेत वेळ किती कमी असतो, हे त्या चर्चेत कोणी सांगितले नाही. दवाखान्यात दोनच गोष्टी विचारा: ही जखम तिसऱ्या श्रेणीची आहे का, आणि असेल तर सीरम जखमेत दिले का?

चावणारे कुत्रे किंवा मांजर दिसत असेल तर ते मारू नका, बांधून दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवस ठणठणीत राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे धरतात आणि पुढच्या मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतात. पण ही दहा दिवसांची वाट लस सुरू केल्यानंतर पाहायची असते, आधी नाही. हा नियम फक्त कुत्र्या-मांजरांचा आहे. माकड, कोल्हा, मुंगूस यांना तो लागू नाही. आपल्याच लस दिलेल्या कुत्र्याने चावले तरी कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि ज्यांनी पूर्वी पूर्ण कोर्स घेतला आहे, त्यांनी जुने कागद जपून ठेवावेत. त्यांना पुन्हा चावा बसल्यास ० आणि ३ या दिवशी दोनच मात्रा पुरतात, सीरम लागत नाही.