मालाविना मालगाडी : अलास्का-अल्बर्टा रेल्वेचे अर्थकारण

कॅनडाचा अल्बर्टा प्रांत तेलाने समृद्ध आहे. पण त्याला समुद्रकिनारा नाही. त्याचे बहुतांश तेल अमेरिकेलाच विकले जाते आणि एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत त्याला दरात मोजावी लागते. ही कोंडी फोडण्यासाठी अल्बर्टातून युकॉनमार्गे अलास्कापर्यंत सुमारे २,५७० किलोमीटरचा मालवाहू लोहमार्ग टाकण्याची योजना पुढे आली. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी सीमा ओलांडण्याची परवानगीही दिली. मात्र वर्ष उलटण्याआधीच, जून २०२१ मध्ये, प्रवर्तक कंपनीवर धनकोंपासून न्यायालयीन संरक्षण मागण्याची वेळ आली.

या अपयशाचे खापर एका कंपनीच्या कारभारावर फोडणे सोपे आहे. परंतु मूळ प्रश्न मालाचा आहे. प्रकल्पाचा अंदाजित खर्च सुमारे २,२०० कोटी कॅनेडियन डॉलर होता. त्यावर पाच टक्के व्याज धरले, तरी वर्षाला ११० कोटी होतात. रोज दहा लाख पिंप तेल वाहून नेले, तर केवळ व्याजाचा बोजा पिंपामागे सुमारे तीन डॉलर पडतो. वाहतूक अडीच लाख पिंपांवर आली, तर तोच बारा डॉलरवर जातो. इंधन, मनुष्यबळ आणि गोठलेल्या जमिनीवरील रुळांची देखभाल हा खर्च निराळाच.

शिवाय स्पर्धक तयार आहेत. मे २०२४ मध्ये ट्रान्स माउंटन तेलवाहिनीचा विस्तार कार्यान्वित झाला आणि तिची दैनंदिन क्षमता तीन लाखांवरून ८ लाख ९० हजार पिंपांवर गेली. अलास्काला लागणारा माल प्रामुख्याने समुद्रमार्गे येतो. तेथील रेल्वेचे डबेही बार्जवर चढवून दक्षिणेकडे नेले जातात. म्हणजे एका दिशेचे तेल तेलवाहिनीकडे आणि दुसऱ्या दिशेचा माल जहाजांकडे. मग रेल्वेच्या वाट्याला काय उरते?

खनिजे, असे समर्थकांचे उत्तर आहे. येथे याच प्रदेशातील इतिहास बोलका ठरतो. अलास्कातील स्कॅगवे ते युकॉनमधील व्हाइटहॉर्स ही सीमापार रेल्वे १९०० साली पूर्ण झाली. पुढे तिची मदार फारो येथील शिसे-जस्ताच्या खाणीवर राहिली. १९८२ मध्ये धातूंचे भाव कोसळून ती खाण थांबली आणि त्याच वर्षी रेल्वेही बंद पडली. १९८८ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, ती पर्यटकांसाठी.

लोहमार्ग आधी आला की वस्ती आणि व्यापार मागोमाग येतात, हा युक्तिवाद कॅनडाच्या गवताळ मैदानांत खरा ठरला, कारण तेथे कसण्याजोगी जमीन होती. महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठ्या युकॉनची लोकसंख्या मात्र पन्नास हजारांच्याही आत आहे. तेथील मूळ रहिवाशांची संमती मिळवणे हे न्यायाचे आणि म्हणूनच वेळ घेणारे काम आहे.

सामरिक कारणासाठी असा मार्ग हवा असेल, तर दोन्ही देशांच्या सरकारांनी तसे उघड सांगून खर्च तिजोरीतून करावा. तो व्यापारी म्हणून उभारायचा असेल, तर रुळांआधी मालाचे दीर्घ मुदतीचे करार हवेत. त्यांच्याविना दिलेली परवानगी हा केवळ कागद ठरतो आणि त्यावर विसंबून कर्ज देणाऱ्यांचा पैसा मात्र खराखुरा बुडतो.