दवाखान्यात ‘ध’चा ‘मा’ नको

वैद्यकीय खर्चाची परत आलेली फाइल ही आपल्या शाखा कार्यालयांतली नेहमीची कैफियत आहे. अलीकडेच एका सेवानिवृत्त पॉइंट्समनची फाइल आमच्यासमोर आली. ती तीनदा परत पाठवण्यात आली होती. कारण एवढेच, की डिस्चार्ज कार्डावर आजार एक आणि बिलावर कोड दुसऱ्याच उपचाराचा. आजार खरा, उपचार खरे, कर्ज काढून भरलेले पैसेही खरे. चुकला होता तो एक कोड. नारायणराव पेशव्यांच्या वेळी ‘ध’चा ‘मा’ झाला आणि एक जीव गेला, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आजच्या दवाखान्यात हा ‘मा’ संगणकावर होतो.

कोड ही चीज आपल्याला नवी नाही. मालगाडीच्या वाघिणीवर अकरा आकडे असतात. वाघीण कोणत्या प्रकारची, कोणत्या रेल्वेची, कोणत्या सालची हे त्यांतून कळते आणि शेवटचा आकडा केवळ पडताळणीसाठी असतो. टपाल खात्यातील बांधवांना तर १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेला पिनकोड आपलाच वाटतो, कारण तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी होते. साताऱ्याच्या ४१५००१ मधील पाचाचा तीन झाला, तर पत्र सोलापूरच्या वाटेला लागते. पत्र निदान परत फिरवता येते. माणसाच्या आजाराचा कोड चुकला, तर ती चूक त्याच्या पाठीमागे वर्षानुवर्षे फिरत राहते.

या बाबतीत इंग्लंडचा अनुभव समजून घेण्यासारखा आहे. तेथे कुटुंबाच्या डॉक्टरच्या दवाखान्याला जनरल प्रॅक्टिस म्हणतात. १९४८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत हा डॉक्टर रोग्याकडून तपासणीचे पैसे घेत नाही, सरकार दवाखान्याला पैसे देते. नोंदलेल्या माणसांच्या हिशेबाने एक रक्कम मिळते आणि लसीकरण, जुनाट आजारांची देखभाल अशा ठरावीक कामांचे पैसे वेगळे मिळतात. २००४ साली तर कामाला गुण देण्याची पद्धत आली. सुरुवातीला एकूण १०५० गुण होते आणि जितके गुण तितके पैसे. काम झाले की नाही हे संगणक ठरवतो, आणि तो डॉक्टरने टिपणात लिहिलेल्या चार ओळी वाचत नाही, कोड मोजतो. लफबरो गावच्या डॉ. जेम्स रीड यांनी १९८० च्या दशकात बसवलेले ‘रीड कोड’ तेथे पुष्कळ वर्षे चालले. त्यांच्या जागी २०१८ पासून ‘स्नोमेड सीटी’ हे आंतरराष्ट्रीय कोड आले.

एखाद्याने फ्लूची लस औषधांच्या दुकानात घेतली, तर दवाखान्याने ‘दुसरीकडे दिली’ असा कोड टाकायचा असतो. चुकून ‘आम्ही दिली’ असा पडला, तर न केलेल्या कामाचे पैसे मागितल्यासारखे होते. उलट स्वतः दिलेली लस नुसती टिपणात राहिली, तर केलेल्या कामाचे पैसे बुडतात.

पण प्रश्न फक्त पैशांचा नाही. मधुमेहाच्या रोग्याची साखर औषधाविना उतरली, तर ‘सध्या आटोक्यात’ असा एक कोड आहे आणि ‘आजार संपला’ असा दुसरा. दुसरा पडला, की तो माणूस मधुमेहींच्या यादीतून बाहेर जातो आणि डोळ्यांच्या तपासणीचे बोलावणे बंद होण्याचा धोका निर्माण होतो. साखर पुन्हा चढली आणि दृष्टी अधू झाली, तर दोष कोणाचा? तसेच ‘दम्याचा संशय’ याऐवजी ‘दमा’ पडला, की निरोगी माणसाच्या माथी आजार बसतो. ‘वडिलांना मधुमेह’ हे मुलाच्या नावावर चढले, तरी तीच गत. म्हणून अचूक कोड हा आधी रोग्याचा हक्क आहे, नंतर बिलाचा आधार.

आपली व्यवस्था वेगळी आहे हे आम्ही जाणतो. रेल्वेचा डॉक्टर पगारी आहे, कोडवर त्याचे वेतन ठरत नाही. परंतु बाहेरच्या रुग्णालयाचे बिल आणि आपल्या माणसाचा परतावा मात्र उपचाराच्या नावावर आणि कोडवरच अडतो. ज्या टपाल कर्मचाऱ्यांना १९४४ चे वैद्यकीय परिचर्या नियम लागू आहेत, त्यांचीही अत्यावश्यकता प्रमाणपत्रातील एका चुकीच्या शब्दासाठी अडवणूक होते. रेल्वेच्या दवाखान्यांत ‘उमीद’ कार्ड आणि संगणक प्रणाली आली आहे. भारत २०१४ पासून स्नोमेडचा सभासद असून त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. कोडाचे राज्य आपल्याकडेही आले आहे.

रकाना केवळ भरायचा म्हणून भरला की काय होते, हे २०२३ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी आयुष्मान योजनेवरील अहवालात दाखवून दिले. सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले निघाले. तेथे बसलेल्या कारकुनावर किती कामाचा बोजा होता, त्याला कोणी काय शिकवले होते, हेही विचारले गेले पाहिजे.

कोड टाकणे हे काम आहे, आणि कामाला माणूस, वेळ व शिक्षण लागते. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. निदान डॉक्टरनेच पूर्ण शब्दांत लिहावे, कारकुनाला अंदाज बांधायला लावू नये. दवाखान्यांतील वैद्यकीय नोंदींची रिकामी पदे भरावीत आणि त्या कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेतच प्रशिक्षण द्यावे. दाव्यातील सर्व त्रुटी एकाच वेळी, लेखी कळवाव्यात. रुग्णालयाच्या चुकीची वसुली कर्मचाऱ्याकडून करू नये. प्रत्येकाला स्वतःच्या नोंदीची प्रत मिळावी आणि चूक दुरुस्त करून घेण्याची सोय असावी.

आता दोन शब्द आपल्याच लोकांना. ‘साहेबांना सांगून आजार जरा बदलून लिहून द्या, म्हणजे बिल बसेल,’ अशी गळ घेऊन काही सभासद आमच्याकडे येतात. त्यांची अडचण आम्हाला कळते, तरीही आम्ही हे करणार नाही. खोट्या कोडाने आज बिल पास होईल. उद्या बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर तीच खोटी नोंद वाचून औषध देईल. शिवाय एक खोटा दावा सापडला, की मागचे दहा खरे दावे संशयाने अडकतात, आणि त्यात एखाद्या ट्रॅकमनच्या विधवेचाही असतो.

सभासदांनी एवढे करावे. रुग्णालय सोडण्यापूर्वी डिस्चार्ज कार्ड, बिल आणि रेफरलचा कागद शेजारी ठेवून पाहावे. नाव, तारीख, कार्ड क्रमांक, आजार आणि उपचार तिन्हीकडे जुळतात का, तातडीने दाखल केले असेल तर तसा स्पष्ट दाखला आहे का, हे तपासावे. जुळत नसेल तर तिथेच दुरुस्त करून घ्यावे. घरी आल्यावर तीच दुरुस्ती करायला महिने जातात.

सुरुवातीला सांगितलेल्या पॉइंट्समनची फाइल आम्ही रुग्णालयाच्या दुरुस्तीपत्रासह चौथ्यांदा पाठवली आहे. पैसे हाती पडेपर्यंत आम्ही तिचा पाठपुरावा सोडणार नाही. शाखांनी येत्या मासिक सभेत परत आलेल्या दाव्यांची यादी करावी, प्रत्येकापुढे परतीचे कारण लिहावे आणि ती केंद्रीय कार्यालयाकडे पाठवावी. ती यादी घेऊनच आम्ही प्रशासनाशी बोलणार आहोत.