त्या कबरी आपल्या नाहीत, म्हणून काय झाले?



गेल्या हिवाळ्यात आमच्या युवक मंडळाबरोबर हिरे बेनकलला जाऊन आलो. बेळगावहून हुबळी, गदग, कोप्पळ करत गेले की गंगावतीच्या अलीकडे हे गाव लागते. गावापासून पुढे पायीच जायचे. काटेरी झुडपांचे रान, ग्रॅनाइटचे हत्तीएवढे धोंडे आणि मधून जाणारी पायवाट. मुलांना हंपी बघायची होती. हे ठिकाण मी मध्येच घुसडले होते. त्यामुळे वाटभर कुरकुर चालली होती. माथ्यावर पोहोचलो आणि कुरकुर आपोआप थांबली.

वर कबरींचे एक गावच आहे. दगडाच्या सपाट फरश्या उभ्या करून त्यांच्या भिंती केलेल्या, वर छतासारखी आणखी एक प्रचंड फरशी. काही माणसाच्या उंचीहून मोठ्या, काही गुडघ्याएवढ्या. काहींच्या एका भिंतीत गोल भोक कोरलेले आहे. अशी सुमारे 400 स्मारके या डोंगरावर आहेत. ती साधारण इ.स.पू. 800 ते 200 या काळातली मानतात. जवळच, दगड काढून झालेल्या खाणीत पाणी साठून बनलेले तळे आहे. 2021 साली या जागेचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. गावकरी मात्र पूर्वीपासून तिला मोर्यर गुड्डा, म्हणजे मोर्यांचा डोंगर म्हणतात.

वाट दाखवायला गावातले एक अज्जा बरोबर आले होते. चढून दमलो होतो म्हणून एका फरशीच्या सावलीत आम्ही डबे उघडले. एक मुलगा फोटोसाठी आत शिरला. दुसऱ्याने टोकदार खडा उचलला आणि फरशीवर आपले नाव कोरायला घेतले. अज्जा रागावले नाहीत. कन्नडमध्ये एवढेच म्हणाले, "तुझ्या आजीच्या समाधीवर लिहिशील काय रे असं?"

मुलाने खडा टाकला. पण खरी लाज मला वाटली. मंडळाचा मोठा माणूस मी, आणि त्याच फरशीला पाठ टेकून चपाती खात बसलो होतो. आपल्या दफनभूमीत कुणी असा डबा उघडला असता तर मी काय म्हणालो असतो, हे मला चांगलेच ठाऊक आहे.

उतरताना एका मुलीने विचारले, "अंकल, पण ते लोक कुठे आपले होते? ते तर येशूच्याही आधीचे." प्रश्न प्रामाणिक होता. तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. आज देतो.

आधी काळाचे बघा. तिकडे इस्राएलात आमोस आणि यशया संदेश देत होते, त्याच शतकाच्या आसपास इकडे तुंगभद्रेच्या खोऱ्यात या कबरींना सुरुवात झाली असावी. इकडच्या माणसांना संदेष्ट्यांचे नावही माहीत नव्हते. पण संदेष्ट्यांच्या देवाला ही माणसे माहीत नव्हती, असे आपल्याला म्हणता येईल का? त्यांनाही त्यानेच घडवले. मिस्सामध्ये आपण फक्त बाप्तिस्मा झालेल्या मृतांसाठी प्रार्थना करत नाही. ज्यांचा विश्वास एकट्या देवालाच ठाऊक, त्यांचीही आठवण करतो. हे शब्द दर वेळी कानावरून जातात. मला त्यांचा अर्थ त्या डोंगरावर कळला.

दुसरी गोष्ट अब्राहामाची. उत्पत्तीच्या 23 व्या अध्यायात सारा मरण पावते आणि तिला पुरायला अब्राहामाजवळ हातभर जमीन नसते. तो परका, उपरा. हेथी लोक त्याच्या देवाला मानणारे नव्हते; तरी त्यांनी त्याचा मान ठेवला, आपल्या चांगल्या कबरींतली हवी ती घे म्हणाले. अब्राहामाने 400 शेकेल चांदी मोजून मकपेलाची गुहा विकत घेतली. म्हणजे आपल्या विश्वासाच्या पित्याचे पहिले कबरस्तान परक्यांच्या भूमीत, परक्यांच्या मोठ्या मनामुळे झाले. हे विसरून 'ते कुठे आपले' म्हणायचे कसे?

काही जण उलट टोकाला जातात. तेलंगणात गोदावरीकाठच्या जंगलातही अशा दगडी कबरी आहेत आणि तिथे क्रूसासारख्या आकाराचे उभे दगड आहेत. 19 व्या शतकात जेम्स फर्गसन या अभ्यासकाला ते ख्रिस्ती क्रूस वाटले. आज ते माणसाच्या आकृती मानले जातात. मला वाटते, आपल्याला हा मोह नको. मृतांना मान देण्यासाठी आधी त्यांना आपले ठरवावे लागत नाही. मृतांना पुरणे हे ख्रिस्तसभेने दयेच्या कृत्यांमध्ये धरले आहे, आणि दया कुणाचा दाखला तपासत नाही.

ही मृतांची पूजा नव्हे का, असे कुणी विचारील. नव्हे. आराधना एकट्या देवाची. आपण फक्त पायाखाली कोण आहे याचे भान ठेवायचे.

आता घरचे. नोव्हेंबरच्या 2 तारखेला, सर्व मृतांच्या दिवशी, आपली दफनभूमी फुलांनी भरून जाते. पण मागच्या भिंतीकडे जाऊन बघा. तिथे नावे पुसलेल्या जुन्या कबरी आहेत, ज्यांचे कुणी उरले नाही. गवत कमरेएवढे. आपण आपल्या आईवडिलांच्या कबरीवर मेणबत्ती लावतो आणि वळतो. मीही तीस वर्षे असाच वळत आलो.

म्हणून माझी सर्वांना एक विनंती आहे. यंदा प्रत्येक घराने आपल्या कबरीबरोबर आणखी एक कबर साफ करावी, जी आपली नाही. गवत काढा, पाणी शिंपडा, एक मेणबत्ती लावा. युवक मंडळाने मागच्या भिंतीकडची ओळ घेतली आहे. तो खडा टाकणारा मुलगाच खुरपी गोळा करतोय.

प्रभो, उसन्या कबरीत तुलाही ठेवले होते. ज्यांची नावे आम्ही विसरलो, ती तुला ठाऊक आहेत. त्यांना चिरशांती दे आणि आम्हाला आठवण ठेवायला शिकव. आमेन.