शेकाच्या दिवसांत चौघी मिळून

मैत्रिणींनो, स्तनाच्या कर्करोगासाठी शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू झाला की घरचे म्हणतात, 'आता तू नुसती पडून राहा.' माया खरी, पण सल्ला अर्धाच बरोबर! शेकाने थकवा येतो आणि सारखं पडून राहिल्याने तो वाढतो. रोज थोडं चालणं नि हलका व्यायाम यांनी तो कमी होतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे.

शेक बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असा ३ ते ५ आठवडे चालतो. त्याच त्या बायका रोज बाकावर भेटतात. मग चौघींनी मिळून व्यायाम का करू नये? एकटीला कंटाळा येतो. कुणी वाट पाहतंय म्हटलं की पाऊल आपोआप उचलतं. मनातलंही बोलून होतं.

आधी डॉक्टरांना विचारा. मग १० मिनिटं चाला, हळूहळू ३० वर न्या. खांदे गोल फिरवा. भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर चढवा. ताण जाणवला की थांबा. शेक घेताना हात डोक्यावर धरावा लागतो, तेव्हा हा सराव कामी येतो. ब्लाउज सैल, सुती घाला. ताप, धाप किंवा हाताला सूज असेल तर व्यायाम बंद, डॉक्टरांना दाखवा.

आणि घरच्यांनो, तेवढा अर्धा तास तिचा. कुकर तुम्ही लावा!