कमजोरी, पण कोणती?

दवाखान्यात आमच्या भागातल्या बाईला विचारा, "काय होतंय?" उत्तर ठरलेलं, "काही नाही जी, कमजोरी आहे." मग एक सलाईन, ताकदीच्या गोळ्या, आणि दुसऱ्या दिवशी बाई रोवणीला बांधीत हजर!

बचत गटाच्या कामासाठी दवनीवाडा आणि आसपासच्या गावांत फिरताना हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता या शब्दाचीच धास्ती वाटते. त्याच्या आड पाच-सहा वेगवेगळी दुखणी दडलेली असतात.

खरं तर आपली भाषा एवढी गरीब नाही. चार पायऱ्या चढून दम लागतो, ती धाप. उठल्याबरोबर डोळ्यांपुढे अंधारी येते, ती भोवळ. शुगरची गोळी घेऊन उपाशी राहिलं की हातपाय थरथरतात, दरदरून घाम फुटतो. तेव्हा रक्तातली साखर उतरलेली असू शकते. कशातच मन लागत नाही, ती उदासी. आणि एका बाजूचा हात-पाय अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तर ती कमजोरी नव्हेच, तो लकवा! त्यात रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. "झोपू द्या, बरं वाटेल" म्हणण्यात तेवढा वेळ सहज निघून जातो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त, म्हणजे सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. गर्भार नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली नको, गर्भारपणी ११ च्या. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलही आहे. सांधे वारंवार ठणकत असतील तर ती तपासणीही करून घ्यावी. साध्या मिठाच्या सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीत असतं साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. त्याने रक्त कसं वाढणार?

मग बाया नीट सांगत का नाहीत? कारण दुखणं उलगडून सांगितलं की घरात "कामाचा कंटाळा" असा शेरा मिळतो. 'कमजोरी' म्हटलं की कोणाला काही करावं लागत नाही. ना नवऱ्याला, ना सासूला. डॉक्टरांपुढेही पाळीबद्दल बोलायची लाज वाटते. अंगावरून जास्त जातं, हे सांगायचंच राहून जातं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी दवाखान्यात चार गोष्टी सांगा: कधीपासून होतंय, काय करताना होतंय, सगळ्या अंगात की एकाच बाजूला, आणि पाळी कशी जाते. सोबत सासू-सून कोणीही असो, हे स्वतःच्या तोंडाने सांगा. आपलं दुखणं आपणच नावानिशी सांगितलं नाही, तर दुसऱ्याला ते कळावं तरी कसं?